नुसती दारू नसते तेव्हा : व्यसनासोबत मनाचा आजार असेल तर घरच्यांनी काय करावं

आमच्या घरात दुधाच्या हिशेबाची एक वही होती. आई तिच्याच मागच्या पानांवर दादाचं लिहून ठेवायची. ‘आज प्याला नाही. रात्रभर जागा. दोन वाजता उठून अंगण झाडलं.’ पुढच्या ओळीत, ‘आज प्याला नाही. तिसरी रात्र. हॉटेल काढतो म्हणतो, गाळ्याला इसार देऊन आला.’ आठ वर्षं आम्ही दादाला दारुडा समजून दारू सोडवायला नेत होतो. एका मानसोपचारतज्ज्ञांनी ती पानं शांतपणे वाचली, ‘प्याला नाही’ या शब्दांवर बोट ठेवलं आणि आईला विचारलं, “काकू, न पिता तीन रात्री जागा होता?” दादाला बायपोलर आजार आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आता मी व्यसनी माणसांच्या घरच्यांच्या एका गटात बसते. नवीन आलेलं प्रत्येक घर पहिल्याच दिवशी एकच प्रश्न विचारतं : पितो म्हणून असा वागतो, की मुळात असा आहे म्हणून पितो? हा लेख त्यांच्यासाठी लिहिते आहे. डॉक्टरांनी ‘व्यसनाबरोबर दुसराही आजार दिसतोय’ असं नुकतंच सांगितलं असेल किंवा तुम्हालाच तशी शंका येत असेल, तर इथून सुरुवात करा.

आधी एवढं समजून घ्या

दोन्ही आजार एकत्र असणं अजिबात दुर्मीळ नाही. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दारूचा विकार असलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दुसरा मानसिक आजारही झालेला आढळला. इतर अमली पदार्थांच्या बाबतीत हाच आकडा ५३ टक्के होता. आपल्याकडे तर मुळात उपचारांपर्यंत पोचणारेच थोडे. २०१८ सालच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूचं अवलंबित्व असलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच काही तरी उपचार मिळाले होते.

पितो म्हणून मन बिघडतं, हे खरं आहे. मन बिघडलेलं असतं म्हणून पिणं वाढतं, हेही खरं आहे. आणि काही घरांत दोन्हींचं मूळ एकच असतं, म्हणजे आनुवंशिकता किंवा लहानपणी सोसलेली मारझोड. कोण आधी आलं यावर घरात भांडत बसू नका. त्याचा उपयोग डॉक्टरांना निदानासाठी होतो, आणि तो कसा करून द्यायचा हे पुढे सांगते. उपचार मात्र दोन्हींचे एकाच वेळी चालले पाहिजेत. ‘आधी दारू सुटू दे, मग डोक्याचं बघू’ असं सांगत आम्हाला आठ वर्षं फिरवलं गेलं.

पायरी पहिली : घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याकडे दारू सोडायचे मुहूर्त ठरलेले असतात. कोणी गळ्यात तुळशीची माळ घालतो, कोणी देवापुढे शपथ घेतो, कोणी गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळतो. प्रासंगिक पिणाऱ्याला त्यात काही धोका नाही. पण ज्याला सकाळी उठल्यावर हात थरथरू नयेत म्हणून क्वार्टर लागते, त्याचं शरीर दारूवर चालायला लागलेलं असतं. ती एकदम काढून घेतली की मेंदू उसळतो.

हे साधारण कसं घडतं ते घड्याळाच्या हिशेबात लक्षात ठेवा. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, चिडचिड. चहाचा कप बशीवर ठेवताना खडखड वाजतो, त्यावरून ओळखा. सहा ते ४८ तासांत फीट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना डिलिरियम होतो, म्हणजे भान सुटतं आणि भास व्हायला लागतात. दादाला झाला होता. चादरीवरून तो काहीतरी वेचत होता, एक एक करून, चिमटीत धरून. “मुंग्या काढ,” असं मला म्हणाला. चादर कोरी होती. आपण कुठे आहोत, रात्र आहे की दिवस, हे त्याला सांगता येईना. शेजारच्या आजी म्हणाल्या, बाहेरचं दिसतंय, देवऋषीला बोलवा. मी तेव्हा वीस वर्षांची होते. १०८ ला फोन लावला, आणि तो लावला याचं समाधान मला आजही आहे. डिलिरियममध्ये उपचार नाही मिळाले तर माणूस दगावू शकतो.

तेव्हा रोज पिणाऱ्या माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवायची. पूर्वी कधी फीट आली असेल, डिलिरियम झाला असेल, लिव्हरचा त्रास असेल, वय जास्त असेल, तर दाखल करूनच. दवाखान्यात गेल्या गेल्या ‘हा रोज पितो, शेवटची काल रात्री नऊला घेतली’ असं स्पष्ट सांगा, लाजू नका. हे माहीत असलं की डॉक्टर ग्लुकोजच्या सलाइनआधी बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन देतात. जेवण टाकून पिणाऱ्यांच्या शरीरात थायमिन उरलेलं नसतं आणि त्याअभावी स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते.

झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांचंही असंच. अल्प्राझोलामसारखी गोळी महिनोन्‌महिने घेणाऱ्यानं ती एकदम थांबवली तरी फीट येऊ शकते. ती टप्प्याटप्प्यानं कमी करावी लागते. गर्दची म्हणजे ब्राउन शुगरची टर्की, म्हणजे ती बंद केल्यावर होणारा त्रास, भयंकर असते, अंग मोडून येतं, जुलाब होतात, पण तिचा हिशेब वेगळा आहे. तीही डॉक्टरांकडेच काढावी, कारण औषधांनी ती बरीच सुसह्य होते. शिवाय काही दिवस थांबल्यावर पूर्वीच्याच मात्रेत घेतलं तर शरीराला ते झेपत नाही आणि जीव जाऊ शकतो.

पायरी दुसरी : वही घाला

मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल. मला कागद बरा वाटतो, कारण तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवता येतो.

एका पानावर वर्षं उभी लिहा. प्रत्येक वर्षासमोर तीन गोष्टी : काय घेत होता आणि किती, मन कसं होतं, घरात काय घडलं. दहावी नापास, वडील गेले, गावची जमीन गेली, लग्न, गाडीचा अपघात. हे एका बैठकीत होत नाही. आत्याला विचारा, शाळेतल्या मित्राला विचारा. त्यातून तीन प्रश्नांची उत्तरं मिळवायची आहेत.

व्यसन लागण्याआधी मनाचा काही त्रास होता का? शाळेत असताना आठ-आठ दिवस खोलीबाहेर न येणं, चार लोकांपुढे बोलायची दहशत, एका जागी न बसणं, असं काही.

व्यसन बंद होतं त्या काळात त्रास उरला होता का? याचं उत्तर फार मोलाचं असतं, आणि इथे श्रावणाचा खरा उपयोग होतो. दारूमुळे आलेली उदासी आणि घबराट दारू थांबल्यावर तीन-चार आठवड्यांत बऱ्याच जणांची आपोआप ओसरते. त्यामुळे पूर्ण श्रावण कोरडा काढल्यावर शेवटच्या आठवड्यात माणूस कसा होता, हे आठवून लिहा. जेवत होता? हसत होता? पहाटे तीनला जाग येऊन छताकडे बघत पडत होता? महिनाभर न पिताही उदासी तशीच असेल तर तो बहुधा स्वतंत्र आजार आहे.

तिसरा प्रश्न रक्ताच्या नात्यांचा. ‘घरातून निघून गेलेला काका’, ‘विहिरीत पडलेली आजी’, असं आपल्या घरांत दबक्या आवाजात बोललं जातं. ते डॉक्टरांपुढे मोठ्यानं बोला.

पायरी तिसरी : काय काय असू शकतं ते ओळखा

निदान तुम्ही करायचं नाही. पण काय बघायचं ते माहीत असावं.

सगळ्यांत जास्त दिसतं ते नैराश्य. आपल्याकडे पुरुषाचं नैराश्य रडण्यातून कमी आणि चिडण्यातून जास्त बाहेर येतं, म्हणून ते ‘दारूचा माज’ म्हणून खपून जातं. कामावर न जाणं, आंघोळ टाळणं, आवडीच्या गोष्टीतही मन नसणं, ‘माझ्यामुळे तुमचं वाटोळं झालं’ हे तेच तेच वाक्य, यांकडे लक्ष द्या. महिनाभर थांबून बघायचं हा नियम मरणाच्या गोष्टी बोलणाऱ्याला लागू नाही. त्याला आजच्या आज दाखवा.

घबराटीचे आजार लपून राहतात. लग्नकार्यात जायच्या आधी ‘नाइंटी’ मारणारा माणूस कधी कधी लोकांच्या नजरेला घाबरून ती मारत असतो. दारू तासभर भीती दाबते आणि सकाळी दुप्पट करून परत देते.

बायपोलरमध्ये उदासीचे महिने असतात आणि मधेच पंख फुटल्यासारखे दिवस येतात. झोप दोन तास आणि थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा, डोक्यात मोठमोठ्या योजना. घरच्यांना सुरुवातीला हे दिवस चांगलेच वाटतात. दादा अंगण झाडायला लागला तेव्हा आईला आनंद झाला होता. याच दिवसांत पिणंही वाढतं, म्हणून सगळं दारूच्या नावावर जातं.

कानात आवाज येणं, कोणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटणं, याची कारणं अनेक. वर्षानुवर्षं पिणाऱ्याला पूर्ण शुद्धीत असतानाही आवाज ऐकू येऊ शकतात. गांजा ओढणाऱ्या तरुण मुलांमध्ये तर हे दिसतंच. ‘गांजा काय, साधूही ओढतात’ असं म्हणणाऱ्यांना मी स्वीडनचा अभ्यास सांगते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या तरुणांवर पंधरा वर्षं नजर ठेवली होती. भरतीपूर्वी पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होतं. ओढणाऱ्या प्रत्येकाला तो होतो असं नाही. पण ज्या घरात हा आजार आधीच आहे त्या घरातल्या मुलानं चिलमीला हातही लावू नये.

एका लक्षणाबद्दल बायकांशी थेट बोलायचं आहे. संशय. आमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान त्यांना दळण आणायला किती मिनिटं लागली हे मोजायचे. पुढे अंगावरचे कपडे तपासायला लागले. दीर्घकाळ दारू घेणाऱ्यांमध्ये बायकोच्या चारित्र्यावरचा असा संशय आजाराच्या थराला जातो आणि तो पुराव्यानं किंवा शपथांनी जात नाही. यात मारहाणीचा, जिवावर बेतण्याचा धोका असतो. समजूत घालत बसू नका. आधी स्वतः आणि मुलं सुरक्षित जागी जा, मग उपचारांचं बघा.

यांखेरीज लहानपणापासूनची अतिचंचलता म्हणजे एडीएचडी, मोठ्या आघातानंतरची दुःस्वप्नं, यांचाही शोध घ्यायला डॉक्टरांना सांगा.

पायरी चौथी : कुठे जायचं

पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांशी, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांशी. समुपदेशक हवेतच, पण औषध लागणार की नाही हे ठरवायचा अधिकार डॉक्टरांचा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुण्यात येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, गोव्यात बांबोळीला. कुठे जावं तेच कळत नसेल तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. व्यसन हा आजार आहे, त्याला शिक्षा नको उपचार हवेत, हे मराठी घरांना समजावण्यात त्या जागेचा मोठा वाटा आहे. पण सगळीच केंद्रं सारखी नसतात. दादाला आम्ही एका केंद्रात ठेवलं होतं. तिथे त्याच्या लिथियमच्या, म्हणजे बायपोलरवरच्या गोळ्या पहिल्याच दिवशी काढून घेतल्या. “गोळी म्हणजे पण व्यसनच,” असं आम्हाला ऐकवलं. बाराव्या दिवशी त्याला तोल सुटलेल्या अवस्थेत घरी आणावं लागलं.

म्हणून पैसे भरायच्या आधी विचारा : मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? चालू असलेल्या मानसिक आजाराच्या गोळ्या तुम्ही सुरू ठेवता का? रात्री फीट आली तर कुठे नेता? राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? घरच्यांना कधी भेटू देता? बांधून ठेवतात, मारतात अशी कुजबुज कानावर आली तर तिथून उठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्था ‘मानसिक आजारा’तच धरल्या आहेत आणि रुग्णाला साखळीनं बांधायला त्यात बंदी आहे. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे कायद्यानं त्याच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाच्या अर्जावरून, तज्ज्ञांच्या तपासणीनंतर, सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. ‘रात्री गाडी पाठवतो, उचलून नेतो’ म्हणणाऱ्यांना नकार द्या.

प्रत्येकाला दाखल करावंच लागतं असं नाही, हेही सांगते. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावातल्याच साध्या, पण प्रशिक्षण दिलेल्या माणसांकरवी अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांचं समुपदेशन केलं आणि त्याचा फायदा झाल्याचं दिसून आलं. पिणं अवलंबित्वापर्यंत गेलेलं नसेल तर सुरुवात अशीही करता येते.

पायरी पाचवी : गोळ्यांचं शहाणपण

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ‘चार दिवस घेतल्या, काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. या गोळ्यांची किंवा लिथियमची चटक लागत नाही. मात्र लिथियम चालू असताना रक्तातली पातळी वेळोवेळी तपासावी लागते, आणि उलट्या-जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांना कळवावं लागतं. सवय लागते ती झोपेच्या गोळ्यांची. त्यामुळे ‘मागच्याच गोळ्या द्या’ म्हणत मेडिकलमधून परस्पर आणू नका.

पिऊन आला म्हणून त्या रात्री गोळ्या द्यायच्या की नाही, हा प्रश्न प्रत्येक घरी येतो. तो डॉक्टरांना आधीच विचारून वहीत उत्तर लिहून ठेवा, कारण ते गोळीगणिक वेगळं असतं.

नकळत द्यायच्या पुड्या. भिंतींवर जाहिराती असतात, ‘दारू सोडवा, रुग्णाच्या नकळत’. कृपा करून हे करू नका. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण ते माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करून देतात. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. शिवाय ज्याला आधीच भास होतात त्याचे भास ते वाढवू शकतं. भाजीत कालवून दिलेल्या पुडीत नेमकं काय आहे हे तर कोणालाच माहीत नसतं.

विडी-सिगारेटबद्दल फारसं कोणी सांगत नाही. तिच्या धुरामुळे क्लोझापिन, ओलान्झापिन ही भासांसारख्या त्रासावरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. माणूस केंद्रात गेला, विडी सुटली, की त्याच मात्रेत औषध रक्तात वाढतं आणि गुंगी येते. मशेरी किंवा तोंडातल्या तंबाखूनं असं होत नाही. तो परिणाम धुराचा आहे. तेव्हा विडी सोडतोय किंवा पुन्हा धरलीय, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

पायरी सहावी : स्लिप आणि जिवाचा धोका

स्लिप होते, म्हणजे सोडलेली दारू माणूस पुन्हा पितो. दादाची चार वेळा झाली. त्या दिवशी भांडू नका, पण दुसऱ्या दिवशी वही उघडा. आधीच्या आठवड्यात झोप कमी झाली होती का, गोळ्या संपल्या होत्या का? आमच्या वहीत चारांपैकी तीन वेळा आधी झोप बिघडलेली दिसते. म्हणून आता वहिनी बाटली शोधत नाही, झोपेचे तास मोजते. दोन रात्री ओळीनं कमी झोप झाली की डॉक्टरांना फोन.

नैराश्य आणि दारू एकत्र आली की आत्महत्येचा धोका खूप वाढतो. ‘जगू नये असं वाटतं का?’ हे सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार घुसत नाही. उलट बोलायला जागा मिळते. होय म्हणाला तर एकटं सोडू नका, १४४१६ ला फोन लावा, दवाखान्यात न्या. शेतकरी घरात फवारणीचं औषध माजघरात, माळ्यावर ठेवलेलं असतं. ते आजच शेजाऱ्याकडे किंवा कुलपात हलवा. गोळ्यांची पाकिटंही घरच्यांच्या ताब्यात ठेवा, एका वेळी एका दिवसाच्याच द्या. प्रयत्न केलाच तर पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. वर सांगितलेल्या कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याच्यावर खटला भरला जात नाही.

घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, ‘मुक्तांगण’मध्ये बायकांसाठी ‘सहचरी’ आहे. पहिल्या दोन सभांना नुसतं बसून ऐकलंत तरी पुरे. पेशंट दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेला म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसला जात असेल आणि तिथे कोणी ‘गोळ्या सोड, मनोबल वाढव’ म्हणालं, तर तो त्या एका माणसाचा सल्ला समजा. कोणाही सभासदानं डॉक्टर बनू नये, असं त्या संघटनेचंच सांगणं आहे.

पहिल्या ओपीडीला जाताना

सकाळी लवकर निघा, केसपेपरच्या खिडकीवर रांग असते. जुनी फाइल, आधार कार्ड आणि घरात सापडतील तेवढी गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत घ्या. नावं आठवत नाहीत, पाकिटं बोलतात. माणूस आला नाही तरी तुम्ही जा. पहिल्यांदा आई आणि मी अशा आम्ही दोघीच गेलो होतो. वही वर ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. आत गेल्यावर डॉक्टरांकडे वेळ कमी असेल, तेव्हा सगळी कहाणी सांगायच्या आधी एकच पान उघडून द्या : ज्या दिवसांत तो प्यायला नव्हता, त्या दिवसांचं.